आधी रिफ की आधी शब्द? हेवी मेटल गाण्यांच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मेटल बँडचा कार्यक्रम संपला, की केबल गुंडाळत असताना कुणीतरी जवळ येतं आणि गाणी कशी लिहिता ते विचारतं. मागे एक मुलगा तर प्रश्नांची वहीच घेऊन आला होता. स्पीकरच्या खोक्यावर बसून आम्ही जवळजवळ दोन तास बोललो. सामान गाडीत चढलं, तरी त्याची अर्धी वही शिल्लक होती. त्याचे प्रश्न आणि त्याच्यासारख्या इतरांनी वर्षानुवर्षं विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत दिलेली उत्तरं मला पुरेशी वाटली नव्हती, म्हणून काही ठिकाणी सविस्तर लिहिलं आहे.

दादा, आधी काय सुचतं? रिफ, चाल की शब्द?

मला दहापैकी आठ वेळा रिफ सुचते, म्हणजे गिटारचं छोटं, पुन्हा पुन्हा येणारं वाक्य. बाकीच्या बऱ्याच संगीतात गायकाची चाल हा गाण्याचा कणा असतो आणि गिटार साथीला असते. मेटलमध्ये रिफ हाच कणा. ख्यालात बंदिशीचा मुखडा जसा तुम्हाला फिरून फिरून समेवर आणून सोडतो, तसंच काम रिफ करते. ती लक्षात राहिली नाही, तर वर कितीही चांगले शब्द बसवा, गाणं उभं राहत नाही.

सुचलेली रिफ मी लगेच फोनवर रेकॉर्ड करतो, पण आठवडाभर ती ऐकत नाही. आठवड्यानंतर रेकॉर्डिंग न लावता हाताला आठवली, तर तिच्यावर काम सुरू करतो.

रिफ सुचावी म्हणून काही करता येतं का?

हो. डावा हात तारांवर नुसता टेकवून ठेवा, म्हणजे सूर उमटणार नाही, आणि उजव्या हाताने फक्त ताल वाजवा. खट-खट ऐकूनच मान हलायला लागली, तर त्यात दोन सूर घाला. दोनच. तिसरा सूर गरज पडेल तेव्हा येतो. नवखे वादक आधी सूर शोधतात आणि मग त्यांना ताल चिकटवतात. अशा रिफ बोटांच्या व्यायामासारख्या वाटतात.

मेटलची ती काळीकुट्ट छटा कुठून येते? कोणते सूर लागतात?

ब्लॅक सबाथ या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्यातल्या पहिल्याच गाण्यात, बँडच्याच नावाच्या गाण्यात, मुख्य रिफला तीन सूर आहेत: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. बस्स. सप्तकाचे बारा अर्धस्वर धरले, तर सा पासून तीव्र मध्यम बरोबर सहा अर्धस्वरांवर, म्हणजे नेमका मध्यावर. तो वरही ओढत नाही आणि खालीही. कान आधार शोधत राहतो आणि तो मिळत नाही, त्यातून भीती तयार होते. बँडचा बासवादक गीझर बटलर त्या काळात संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘मार्स’ या रचनेची धून वाजवत असे आणि तिथूनच गिटारवादक टोनी आयोमीला ही दिशा सापडली.

सरगम येत असेल, तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे. पाश्चात्य लोक ज्याला फ्रिजियन म्हणतात, ते सूर आपल्या भैरवी थाटाचे. नॅचरल मायनर म्हणजे आसावरी थाट. भैरव थाटाचे सूरही मेटलमध्ये खूप वापरले जातात. यात सगळ्यात उपयोगाचा सूर कोमल रिषभ. खालची मोकळी तार सा धरा आणि पहिल्या फ्रेटवरचा (गिटारच्या मानेवरच्या पहिल्या पट्टीचा) कोमल रे तिला खेटून वाजवा. थ्रॅश या मेटलच्या वेगवान प्रकारातली अनेक गाणी एवढ्यावर उभी आहेत. मात्र थाटाचे सूर घेतले म्हणजे राग झाला असं नाही. रागाला चलन असतं, न्यास असतो. रिफमध्ये आपण फक्त त्या सुरांचा रंग घेतो. त्याला रागाचं नाव देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सगळीकडे पॉवर कॉर्डच का?

पॉवर कॉर्डमध्ये फक्त सा आणि प असतात, गंधार नसतो. याचं कारण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटल्यासारखा करण्यात, आहे. दोन सूर डिस्टॉर्शनमधून एकत्र गेले, की त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे सूर जन्मतात. सा ११० हर्ट्झ आणि प १६५ हर्ट्झ घ्या. वजाबाकी ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा आपोआप ऐकू येतो! बेरीज २७५. हे सगळे आकडे ५५ च्या पाढ्यात बसतात, म्हणून आवाज भरीव लागतो. आता गिटारवरचा शुद्ध गंधार घ्या, साधारण १३८.६. वजाबाकी २८.६. हा आकडा कुणाच्याच पाढ्यात बसत नाही आणि आवाज चिखलासारखा होतो. गंधार हवाच असेल, तर तो दुसऱ्या गिटारला द्या किंवा गायकाला. दोन गिटार तिसऱ्या सुराच्या अंतराने एकत्र चाल वाजवतात, ती आयर्न मेडन या बँडसारखी गोड-धारदार जोडी अशीच तयार होते. प्रत्येक गिटार एकच सूर वाजवत असल्यामुळे गढूळपणा येत नाही.

गिटार खाली उतरवून लावली, की गाणं आपोआप जड होतं का?

नाही. आधी इतिहास सांगतो, कारण तो मला फार जवळचा आहे. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या टोकांचा तुकडा गेला. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल केल्या. सबाथच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मध्ये अनेक गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली आहे. तारेचा ताण कमी झाल्याने बोटांना आराम मिळाला आणि आवाजही बदलला. पुढच्या पिढ्यांनी खालचं ट्यूनिंग घेतलं ते त्या आवाजासाठी.

आता आकडे बघा. साध्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते. आठ तारांच्या गिटारची खालची तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ४६ च्या आसपास. बास गिटारची खालची तार ४१ वर. म्हणजे गिटार बासच्या घरात जाऊन बसते आणि दोघांपैकी कुणीच स्पष्ट ऐकू येत नाही. खाली उतरायचं असेल, तर बासला वेगळं काम द्या, डिस्टॉर्शन कमी करा आणि रिफमधले सूर विरळ करा. आमच्या एका गाण्याला मी सात तारांवरून परत सहा तारांवर आणलं आणि ते पहिल्यापेक्षा जड वाटू लागलं.

माझ्याकडे वीस रिफ आहेत. त्यांचं गाणं का होत नाही?

हा प्रश्न त्या मुलाच्या वहीत पहिल्या पानावर होता आणि दोन वेळा अधोरेखित केलेला होता. मलाही सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते यावरच.

रिफ एकापुढे एक लावल्या, की रांग होते. गाण्यात प्रत्येक रिफला तिथे येण्याचं कारण लागतं. सुरुवातीची आमची गाणी मी अशी रचायचो: ही रिफ भारी, तीही भारी, मध्ये ड्रमचा एक तुकडा टाकू. ऐकणाऱ्याला एकही लक्षात राहायची नाही. मग मी एक नियम केला. एका गाण्याला एकच मूळ रिफ. बाकी सगळं तिच्यातूनच काढायचं.

कसं काढायचं? समजा, मूळ रिफचा ताल ‘लांब, आखूड, आखूड, लांब’ असा आहे. कडव्याखाली तोच ताल ठेवा, पण सगळे सूर काढून टाका आणि नुसत्या मोकळ्या तारेवर तळहात टेकवून पाम म्यूट वाजवा. गायकाला जागा मिळते आणि ऐकणाऱ्याच्या कानात मूळ रिफ चालूच राहते. ध्रुवपदात उलट करा: सूर मूळ रिफचेच, पण ताल सोडून द्या आणि कॉर्ड लांब वाजू द्या. दाबून धरलेला आवाज मोकळा सुटला, की छाती भरून येते. मग ब्रेकडाउन, म्हणजे गाणं मंदावल्यासारखं वाटतं तो जड भाग. तिथे वेग तोच ठेवा, फक्त स्नेअरची, म्हणजे कडक वाजणाऱ्या ड्रमची, जागा बदला. चार ठोक्यांत स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर पडत होती, ती आता फक्त तिसऱ्यावर पाडा. मेट्रोनोम तसाच चालू आहे, पण गाणं निम्म्या चालीने चालल्यासारखं वाटतं. मूळ रिफ त्यावर आली, की तीच रिफ दुप्पट वजनाची होते.

आणि शांतता. सर्वांत जड रिफ येण्याआधी एक पूर्ण ठोका सगळ्यांनी थांबायचं. ड्रम नाही, घुमणारी झांज नाही, फीडबॅक नाही. तेवढ्या एका ठोक्याने जो परिणाम होतो, तो आणखी एक अँप्लिफायर लावूनही होत नाही.

उरलेल्या एकोणीस रिफ फेकू नका. त्या एकोणीस गाण्यांच्या आहेत.

वेग किती ठेवावा?

शब्द समजतील आणि ड्रमरचे दोन्ही पाय स्वच्छ पडतील इतका. स्लेअर या बँडचा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ हा अल्बम दहा गाण्यांत सुमारे २९ मिनिटांत संपतो. स्लीप या बँडचं ‘डोपस्मोकर’ हे एकच गाणं तासाभरापेक्षा मोठं आहे आणि रांगत चालतं. दोन्ही तितकेच जड. रिफ आधी खूप सावकाश वाजवून बघा. सावकाश वाजवल्यावर ती कंटाळवाणी वाटली, तर दोष वेगाचा नाही.

मेशुगा या बँडसारखी विषम तालाची रिफ कशी लिहायची? मोजताना गोंधळ होतो.

तबला ऐकणाऱ्यांना हे पटकन समजतं. ड्रमरचा उजवा हात झांजेवर सरळ चार-चार मोजत असतो. गिटार आणि पायातला बेस ड्रम मात्र वेगळ्या लांबीचं वाक्य वाजवतात. समजा, झांजेचं आवर्तन आठ मात्रांचं आणि रिफ सातांची. प्रत्येक फेरीत रिफ एक मात्रा आधी सुरू होते, सम सरकत जाते आणि ५६ मात्रांनी, म्हणजे झांजेची सात आवर्तनं आणि रिफच्या आठ फेऱ्या झाल्यावर, दोघं पुन्हा एकत्र येतात. तो क्षण तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) समेवर आल्यासारखा सुखाचा असतो. पूर्ण ५६ मात्रा थांबायचं नसेल, तर चार आवर्तनांनी रिफ मध्येच कापून समेवर आणा. मेशुगाच्या गाण्यांत अशी कापणी सतत भेटते.

मोजू नका, बोला. रिफचे बोल बनवा, ‘धा-तिट-धा-किट’ असे काहीही, आणि हाताने चार-चारची टाळी देत ते म्हणा. तोंडाला आलं, की बोटांना येतं. आणि एक लक्षात ठेवा: ऐकणारा झांजेवर मान हलवतो. सरळ चालणारा हात काढून घेतला, तर त्याला नुसता अडखळलेला आवाज ऐकू येईल.

गाण्यांचे विषय इतके काळे का असतात?

कारण त्या गोष्टी आहेत आणि बाकीची गाणी त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. युद्ध, मरण, वेड, एकटेपणा, श्रद्धा तुटणं. १९७० मध्येच सबाथने युद्ध पुकारणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर थेट गाणं लिहिलं. त्या काळातले त्यांचे बहुतेक शब्द बटलरचे. मेटॅलिका या बँडच्या १९८८ च्या ‘वन’ या गाण्यात हातपाय, डोळे, कान सगळं गमावलेला सैनिक आहे. कल्पना डाल्टन ट्रंबोच्या कादंबरीतली. गाण्याच्या उत्तरार्धात दोन्ही पायांनी वाजवलेला बेस ड्रम आणि गिटार एकाच तालात मशीनगनसारखे तुटून पडतात. तिथे विषय आणि रिफ वेगळे काढताच येत नाहीत.

भीती दाखवायची म्हणून रक्त आणि कवट्या लिहू नका. तुम्हाला स्वतःला ज्याची झोप उडवणारी भीती वाटते, ते लिहा. माझ्या एका गाण्याबद्दल एका बाईंनी सांगितलं, की वडील गेल्यानंतर त्यांना रडता येत नव्हतं आणि त्या गाण्यात पहिल्यांदा रडू आलं. ते गाणं मी माझ्या आजोबांवर लिहिलं होतं. त्यात मरण हा शब्द कुठेच नाही.

इंग्रजीतच लिहायला हवं का? मराठीत मेटल जमेल?

रॅमस्टाइन हा बँड जर्मनमध्ये गातो आणि जगभर मैदानं भरतात. न्यूझीलंडचा एलियन वेपनरी माओरीत गातो. मराठीत जमेल का, हा प्रश्न मी बरीच वर्षं स्वतःला विचारत होतो. आज माझं उत्तर स्पष्ट हो आहे.

आयर्न मेडनमुळे ओळखीची झालेली ‘गॅलप’ लय घ्या: एक लांब ठोका, दोन आखूड. घोड्याच्या टापा. १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईतल्या घोडदळाच्या हल्ल्यावरचं त्यांचं ‘द ट्रूपर’ याच लयीवर दौडतं. आता शाळेतलं वृत्त आठवा. गुरू, लघु, लघु म्हणजे भगण! वादळ. तांडव. भीषण. हे तिन्ही शब्द जसेच्या तसे गॅलपवर बसतात. अडचण एकच आहे. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो आणि ‘वादळ्’ म्हणतो, म्हणजे तिसरा ठोका रिकामा राहतो. एकतर तो पूर्ण उच्चारा, नाहीतर तो ठोका गिटारसाठी सोडा. मला दुसरं जास्त आवडतं.

लांब सुरासाठी शब्द निवडताना आतला स्वर बघा. ‘काळोख’ ओढता येतो, काळोऽऽऽख. ‘राख’, ‘विनाश’ सुद्धा. ‘मरण’ मात्र ओढता येत नाही, सगळी अक्षरं ऱ्हस्व आहेत. तो शब्द तीन तुटक ठोक्यांवर टाका, तिथे तो घणासारखा बसतो. ट, ठ, ड, ढ, ळ ही अक्षरं डिस्टॉर्शनमधूनही ऐकू येतात. आपल्याकडे ‘कडकडाट’, ‘धडधड’ असे शब्द आहेत, ज्यांच्यात ड्रम आधीच वाजतो आहे. जपायचं एवढंच, की पल्लेदार संस्कृत समास एकामागोमाग लावले, तर गाणं नांदीसारखं वाटायला लागतं.

गर्जून गायच्या भागासाठी शब्द वेगळे लिहावे लागतात का?

हो. गर्जनेत सूर जवळजवळ नसतो, त्यामुळे सगळी भिस्त ताल आणि स्वरांच्या आकारावर. ‘आ’ आणि ‘ओ’ खोल जातात, ‘ई’ वर किंचाळीकडे नेतो. ओळी आखूड ठेवा आणि श्वासाची जागा लिहितानाच खूण करून ठेवा. ती गर्जना मुख्यतः स्वरतंतूंच्या वर असलेल्या मिथ्या स्वरतंतूंच्या कंपनातून आणि पोटातल्या आधारातून येते. घसा दुखला, तर लगेच थांबा. दुखणं म्हणजे पद्धत चुकते आहे. जाणकार शिक्षकाकडून शिका.

गिटारचा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, कसा रचता?

आधी गुणगुणतो. तोंडाने गाता येणार नाही असा सोलो ठेवत नाही.

किती वेळा दुरुस्त करता?

गाणं स्वतः नको म्हणेपर्यंत. मेटॅलिकाच्या ‘एंटर सँडमन’ची रिफ गिटारवादक कर्क हॅमेटची, पण तिचा पहिला तुकडा जास्त वेळा वाजवून शेपूट नंतर आणावं, हे ड्रमर लार्स अल्रिकने सुचवलं. नुसत्या त्या पुनरावृत्तीने रिफ घट्ट झाली. आणि निर्माता बॉब रॉकने शब्द लिहिणाऱ्या गायक जेम्स हेटफील्डला सांगितलं, की शब्द अजून चांगले होऊ शकतात. हेटफील्डने ते नव्याने लिहिले. एवढ्या मोठ्या झालेल्या लेखकाने हे ऐकून घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

उलटंही घडतं. ‘पॅरानॉइड’ हे सबाथचं गाणं अल्बममध्ये जागा उरली म्हणून ऐनवेळी अर्ध्या तासाच्या आत रचलं गेलं. लवकर झालेलं गाणं कच्चंच असतं, असं समजून त्याला उगाच खोदत बसू नका.

माझी रिफ दुसऱ्या कुणाच्या गाण्यासारखी वाटते. टाकून देऊ?

आधी बँडमधल्या तिघांना नुसती गुणगुणून दाखवा. तिघांनीही एकाच गाण्याचं नाव घेतलं, तर टाका. तीन वेगवेगळी नावं आली, तर ती रिफ एका घराण्याची आहे, चोरीची नाही. खालची मोकळी तार आणि मायनर पेंटॅटॉनिकचे पाच सूर एवढ्यात पन्नासहून अधिक वर्षं लोक रिफ लिहीत आहेत, साम्य येणारच. ताल बदलून बघा. बहुतेक वेळा साम्य तालात असतं, सुरांत नाही.

गाण्यावर नाव कुणाचं लावायचं?

हे सरावाच्या खोलीतच, गाणं झाल्या दिवशी, कागदावर लिहा. सबाथने सुरुवातीच्या अल्बमवर चौघांचीही नावं दिली. काही बँड रिफ आणि शब्द लिहिणाऱ्यांचीच देतात. दोन्ही चालतं, पण न बोलणं चालत नाही. माझा पहिला बँड याच गोष्टीवरून तुटला. ज्या ड्रमरने एका गाण्याचा अख्खा मधला भाग सुचवला होता, त्याचं नाव आम्ही लावलं नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कुणी विषयच काढला नाही. ते गाणं मी आता वाजवत नाही.

संगीतशास्त्र यायला हवं का?

लिहायला नाही. ड्रमरला काय हवंय ते समजावून सांगायला फार उपयोग होतो.

अर्धवट राहिलेल्या गाण्यांचं काय करता?

प्रत्येकावर ते कोणत्या महिन्यातलं ते लिहितो आणि एका फोल्डरमध्ये ठेवतो. वर्षातून एकदा, सलग दोन दिवस, सगळी ऐकतो. गेल्या वेळी सहा वर्षांपूर्वीची एक रिफ सापडली. तेव्हा तिला ध्रुवपद मिळत नव्हतं. यावेळी लक्षात आलं, की तीच ध्रुवपद होती आणि मी तिला कडव्याखाली ठेवून बसलो होतो. शब्द अजून झालेले नाहीत. वही घेऊन आलेल्या त्या मुलाला मी ती फोनवर ऐकवली. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग स्पीकरच्या खोक्यावर बोटांनी तिचा ताल धरला, बरोबर जिथे मला स्नेअर हवी होती तिथे.